आर्द्रता ९२.४ वरच अडकली आहे, आणि कोडमध्ये एक कॉमेंट नाही

कांदाचाळ · ९ जुलै, रात्री १०.१२

राम राम मंडळी. निफाड तालुक्यातून लिहितोय. आमची पंचवीस टनांची कांद्याची चाळ आहे. मागच्या वर्षी माझ्या मावसभावाने इंजिनिअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तिच्यात एक यंत्रणा बसवली: ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कॉम्प्युटरच), हवेची आर्द्रता मोजणारे डीएचटी२२ चे चार सेन्सर, एक रिले (बोर्डाच्या सांगण्यावरून चालू-बंद होणारा स्विच) आणि रिलेवर एक्झॉस्ट पंखा. चारही सेन्सरच्या आर्द्रतेची सरासरी ७० च्या वर गेली की पंखा चालू, खाली आली की बंद. आकडे घरी मोबाईलवर दिसतात. प्रोजेक्टला मार्क चांगले पडले, पठ्ठ्या नोकरीला बेंगळुरूला गेला, आणि आता हे लोढणं माझ्या गळ्यात.

अडचण अशी की दोन नंबरचा सेन्सर आठ दिवस झाले ९२.४ च दाखवतोय. सकाळी ९२.४, भर दुपारी ९२.४, पाऊस उघडला तरी ९२.४. एक आणि चार नंबर वरखाली होतात, ६८ ते ७६. तीन नंबर सगळ्यात गुणी, ६४.३ वर ठाम. पंखा चोवीस तास फिरतोय. तरी चाळीत पाय टाकला की नाकाला कळतं, हवा कोंदट आहे. काल मधल्या थरात हात घातला तर काही कांद्यांना काळी बुरशी, पाच-सहा मोड आलेले.

दोन नंबर बदलून टाकावा असा विचार आहे. दुकानदार तीनशे सांगतोय. बदलू का?

अजून एक गंमत. लाईट जाऊन आली की बोर्ड उठत नाही. त्यावर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, स्वतःच इलाज शोधलाय. बोर्डाच्या डब्याशेजारच्या पत्र्यावर त्यांनी खडूने लिहून ठेवलंय: "लाईट आल्यावर ४ नंबरची पिन काढणे. चार्जर बंद-चालू. ५ मोजणे. पिन लावणे." का ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. पण चालतं.

कोड खाली चिकटवलाय. ३१२ ओळी आहेत. कॉमेंट एकही नाही.

सोल्डरगन · ९ जुलै, रात्री १०.२०

आधी अकराव्या ओळीतला वायफायचा पासवर्ड काढा राव. अख्ख्या महाराष्ट्राला दिसतोय.

कांदाचाळ · ९ जुलै, रात्री १०.२६

काढला. बदललाही. (हो, त्यात कांद्याचा भाव होता. ज्या वर्षी मिळाला त्या वर्षीचा.)

सोल्डरगन · ९ जुलै, रात्री १०.४१

आता वायरिंग सांगा. कुठली वायर, किती लांब, बोर्डाला सप्लाय कशाचा, आणि प्रत्येक सेन्सर कुठल्या पिनवर? फोटो टाका. "सेन्सर चुकीचं दाखवतो" म्हणून येणाऱ्या दहांपैकी सात जणांची वायर चुकीची असते. हा आकडा माझ्या बाकावरचा आहे, संशोधनातला नाही.

कांदाचाळ · ९ जुलै, रात्री ११.०५

नेटवर्कची केबल आहे, निळी. एक नंबर ४ मीटरवर, दोन ८, तीन सगळ्यात लांब म्हणजे १५, चार नंबर डब्याच्या मागेच. सप्लाय मोबाईलच्या चार्जरचा. पिना कोडमध्ये बघून लिहितो (जीपीआयओ म्हणजे बोर्डावरचा पिन नंबर): १ नंबर जीपीआयओ ४ वर, २ नंबर १६ वर, ३ नंबर १७ वर, ४ नंबर १२ वर.

सोल्डरगन · ९ जुलै, रात्री ११.३०

पंधरा मीटरवर थोडं बोलू. या केबलच्या एका जोडीची कपॅसिटन्स (विजेचा भार धरून ठेवायची क्षमता) मीटरला साधारण ५० पिकोफॅरड असते, म्हणजे १५ मीटरला ७५० च्या घरात. तुमच्या सेन्सरच्या मॉड्यूलवर (सेन्सर बसवलेली छोटी पट्टी) पुलअप, म्हणजे डेटाची वायर वर ओढून धरणारा रेझिस्टर, १० किलोओहमचा असणार, बहुतेकांवर तोच असतो. दोन्हींचा गुणाकार साडेसात मायक्रोसेकंद. डेटाची वायर खालून (शून्य व्होल्ट) वर (३.३ व्होल्ट) चढायला इतका वेळ खाते. डीएचटी२२ 'शून्य' पाठवताना वायर फक्त २६ ते २८ मायक्रोसेकंद वर ठेवतो आणि 'एक' पाठवताना ७०. त्या २६ मधले सात-आठ चढण्यातच गेले तर बोर्डाला मोजायला उरतं काय? मग चेकसम (आकडा नीट पोचला का, हे तपासायची बेरीज) जुळत नाही आणि वाचन फुकट जातं. बोर्डाच्या बाजूला डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावा. आणि डेटाची वायर ग्राउंडबरोबर एका जोडीत पिळलेली असू दे, दुसऱ्या सेन्सरच्या डेटाबरोबर नको.

माझा अंदाज: तीन नंबर अधूनमधून वाचनच देत नसेल.

कांदाचाळ · ९ जुलै, रात्री ११.३४

पण तीन नंबरच तर सगळ्यात नीट चालतोय. ६४.३, हलत नाही.

सोल्डरगन · ९ जुलै, रात्री ११.३६

हलत नाही म्हणूनच विचारतोय. जुलैत, निफाडात, आठ दिवस आर्द्रता हलत नाही?

प्रयोगवही · १० जुलै, सकाळी ६.१५

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. चहा होईपर्यंत तुमचा कोड वाचला. १८८ वी ओळ बघा. तिथे वाचलेल्या आर्द्रतेतून ७.५ वजा केले आहेत. का, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आता ९२.४ मध्ये ७.५ मिळवून बघा. ९९.९ येतात. डीएचटी२२ चा वरचा शेवट तोच. म्हणजे दोन नंबर "हवेत ९२.४ टक्के बाष्प आहे" असं म्हणतच नाहीये. तो म्हणतोय, "मी बुडालो, माझं माप संपलं." वजाबाकीमुळे त्या ओरडण्याचा एक सभ्य, खरा वाटणारा आकडा झाला. तुम्हाला पडद्यावर ९९.९ दिसले असते तर पहिल्याच दिवशी संशय आला असता.

रात्रपाळी · १० जुलै, सकाळी ७.०२

बाई, मस्त! मी न्यू जर्सीत आहे, इथे रात्र आहे, म्हणून मीही वाचत बसले. मला २०१ वी ओळ सापडली. वाचन फसलं तर लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) 'आकडाच नाही' असं उत्तर देते. तसं उत्तर आलं की हा कोड आधीचा चांगला आकडा उचलून पुन्हा तोच दाखवतो. किती वेळा दाखवायचा याला मर्यादा नाही. वायर तुटली तरी दिवाळीपर्यंत ६४.३ दिसत राहील.

तुमचा गुणी सेन्सर बहुधा गेलेला आहे.

कांदाचाळ · १० जुलै, सकाळी ९.४८

आत्ता चाळीतून आलो. तीन नंबरची केबल उंदरांनी कुरतडलीय. चार तारांपैकी तीन तुटल्यात. बाहेरचं निळं आवरण वरून शाबूत दिसतं, खालून पोकळ. कधी झालं देव जाणे.

तर आता दोन आणि तीन दोन्ही बदलायचे?

प्रयोगवही · १० जुलै, सकाळी १०.३०

थांबा, काही बदलू नका. आधी कागद घ्या. हे गणित मी दोनदा केलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना.

तुमचा पंखा चारांच्या सरासरीवर चालतो. दोन नंबर कायम ९२.४, तीन नंबर कायम ६४.३. बेरीज १५६.७. सरासरी ७० व्हायला चौघांची बेरीज २८० हवी. म्हणजे एक आणि चार यांनी मिळून १२३.३ द्यायचे, प्रत्येकी साधारण ६१.६५. हा आकडा ७.५ वजा झाल्यानंतरचा. सेन्सरला प्रत्यक्षात जाणवलेली आर्द्रता ६९.१५. तुम्हाला पंखा ७० ला लावायचा होता. तो ६९ ला लागतोय! एक मेलेला सेन्सर, एक बुडालेला सेन्सर आणि एक बेवारस वजाबाकी, तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं.

आता समजा काल तुम्ही तीनशे रुपये देऊन फक्त दोन नंबर बदलला असता. नवा चांगला सेन्सर एक आणि चारसारखंच वाचणार. तीन नंबर ६४.३ वर अडकलेलाच. तिघांना मिळून २१५.७ लागले असते, प्रत्येकी ७१.९, वजाबाकीच्या आधी ७९.४. सेन्सर ऐंशीला टेकेपर्यंत पंखा लागलाच नसता. बिघडलेला सेन्सर काढून चांगला लावल्यामुळे कांदा सडला असता.

कांदाचाळ · १० जुलै, सकाळी १०.५२

बाई, मी हे आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणून मी कशाला हात लावत नाही."

उसाचा_रस · १० जुलै, दुपारी १२.१०

धागा वाचतोय, भारी चाललंय. माझा पण एक प्रश्न, चालेल ना? कोल्हापूर. नोडएमसीयूवर (हाही ईएसपी३२ सारखाच एक बोर्ड) डी४ ला डीएचटी११ सेन्सर जोडलाय, कोडमध्ये पिन ४ लिहिलीय, काहीच वाचत नाही. सेन्सर खराब असेल का?

सोल्डरगन · १० जुलै, दुपारी १२.१५

नाही. नोडएमसीयूवर छापलेला डी४ म्हणजे जीपीआयओ २. कोडमध्ये नुसता ४ लिहिलात तर तो दुसरीकडेच ऐकत बसतो. ४ च्या जागी डी४ लिहा.

उसाचा_रस · १० जुलै, दुपारी १२.३१

झालं!! तीन दिवस गेले राव यात.

कांदाचाळ · १० जुलै, रात्री ९.२०

मावसभावाला फोन लागला. ७.५ म्हटल्यावर तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, "अरे हां, मिठाचा प्रयोग." सुरुवातीला त्याच्याकडे एकच सेन्सर होता. तो त्याने मिठाबरोबर डब्यात ठेवला, ७५.३ यायला हवे होते, आले ८२.८. फरक ७.५. म्हणून वजा केले. पुढे बाकीचे तीन आणले आणि सगळ्यांचं वाचन एकाच लूपमध्ये घातलं, तर ती वजाबाकी चौघांनाही लागू झाली. त्याच्या ध्यानात नव्हतं.

आणि ऐका. तो जुना एक नंबर आता चाळीत नाहीच. जानेवारीत त्याची पिन मोडली तेव्हा आप्पांनी तालुक्याच्या गावाहून नवा आणून लावला. म्हणजे ज्याच्यासाठी ७.५ होते तो कचऱ्यात, आणि ज्यांचा संबंध नाही ते चौघे दंड भरतायत.

मिठाचा प्रयोग म्हणजे काय, कुणी नीट सांगेल का? फोनवर त्याला घाई होती.

प्रयोगवही · १० जुलै, रात्री १०.००

सांगते. हा घरच्या घरी होतो आणि मुलांना फार आवडतो.

बंद हवेत ओलं मीठ ठेवलं की त्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. २५ अंशांना ७५.३. खोलीचं तापमान २० ते ३० च्या दरम्यान कुठेही असलं तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून हे मीठ सोयीचं.

घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. लोणच्याची नको, वास आणि तेल राहतं. बाटलीच्या बुचात दोन चमचे मीठ, त्यावर थेंबथेंब पाणी. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. वर पाण्याचा थर साचला तर जास्त झालं, थोडं मीठ टाका. बूच बरणीच्या तळाशी ठेवा. सेन्सर वर टांगा, त्याला मीठ किंवा पाणी लागता कामा नये. झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढा आणि भोक एम-सीलने लिंपा. चारही सेन्सर एकाच बरणीत मावले तर उत्तम, सगळ्यांना एकच हवा मिळेल. बरणी उन्हात किंवा फ्रिजवर ठेवू नका. रात्रभर राहू द्या, किमान आठ तास. आणि वाचन घेताना ती ७.५ ची ओळ बंद करा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

दोन नंबर आधी कोरडा करून बघा. कोंदट हवेत खूप दिवस राहिला की याच्या आतला थर पाणी धरून बसतो. कोमट, कोरड्या जागी काही तास ठेवल्यावर कधीकधी सुधारतो.

सोल्डरगन · १० जुलै, रात्री १०.१८

कोरडा करायला हीटगन नको. मागे एकाने वितळवला होता. तो एक म्हणजे मीच.

कांदाचाळ · १२ जुलै, सकाळी ८.०५

काल दिवसभर दोन नंबर वाळवला. तीन नंबरला नवी केबल जोडली. रात्री चौघांना बरणीत बसवलं. बायकोने विचारलं, कसलं लोणचं घातलंय? पहाटे पाचला उठून बघितलं, बरणीच्या आतल्या बाजूला दव नव्हतं, मीठ ओलं होतं. आकडे:

एक नंबर ७६.१. तीन नंबर ७४.२. चार नंबर ७७.०. दोन नंबर ८८.६, म्हणजे वाळवूनही गेलाच.

तिघे चांगले निघाले. यांच्यातून ७.५ वजा करायची काही गरजच नव्हती.

प्रयोगवही · १२ जुलै, सकाळी ८.४०

छान. या सेन्सरची अचूकता अधिक-उणे दोन टक्क्यांची सांगितली जाते. तुमचे तिघे त्यात बसतात, तेव्हा त्यांना काहीच दुरुस्ती लावू नका. एका बरणीच्या एका रात्रीवरून दशांश स्थळापर्यंत वजाबाकी करणं म्हणजे तराजूपेक्षा वजनाला जास्त भाव देणं. नवा दोन नंबर आणाल तो मात्र चाळीत लावण्याआधी बरणीतून काढा.

सोल्डरगन · १२ जुलै, सकाळी ११.१०

आता आप्पांच्या खडूकडे येतो. दोन दिवस तेच डोक्यात होतं.

तुमचा चार नंबर जीपीआयओ १२ वर आहे. ईएसपी३२ चालू होतानाच्या क्षणी काही ठरावीक पिनांकडे बघतो आणि कसं उठायचं ते ठरवतो. १२ नंबर त्यातली एक. ती त्या क्षणी खाली असेल तर फ्लॅश मेमरीला (कोड तिथेच साठवलेला असतो) ३.३ व्होल्ट मिळतात, वर असेल तर १.८. तुमच्या बोर्डावरची फ्लॅश ३.३ वाली. आणि डीएचटी२२ च्या मॉड्यूलवरचा तो १० किलोओहमचा पुलअप पिनेला कायम वर ओढून धरतो. म्हणजे लाईट आली की बोर्ड स्वतःच्याच मेमरीला अर्धपोटी ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पडतो.

आप्पा पिन काढतात, पुलअप सुटतो, चार्जर बंद-चालू केल्यावर बोर्ड नीट उठतो, पाच मोजेपर्यंत तो क्षण टळलेला असतो, मग पिन लावली तरी काही बिघडत नाही. एकही डेटाशीट न वाचता माणसाने बरोबर निदान केलंय. माझा नमस्कार सांगा त्यांना.

इलाज: चार नंबर दुसऱ्या पिनवर न्या.

उसाचा_रस · १२ जुलै, सकाळी ११.२४

३४ वर न्या, माझ्या मित्राचं तिथे चालतं.

सोल्डरगन · १२ जुलै, सकाळी ११.२९

मित्राचा सेन्सर वेगळा असेल. ३४ ते ३९ या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत. डीएचटीला वाचायच्या आधी बोर्डाने वायर खाली ओढून "बोल" म्हणावं लागतं. ३४ वरून ते जमणार नाही. २७ घ्या.

कांदाचाळ · १२ जुलै, दुपारी ४.३०

२७ वर नेला. मेन स्विच पाच वेळा पाडून बघितला, पाचही वेळा बोर्ड आपोआप उठला. आप्पा शेजारी उभे होते. पाचव्या वेळेला म्हणाले, "आता मला काम काय राहिलं?"

आता पुढचं. मी हा कोड नीट लिहून ठेवणार आहे. प्रत्येक ओळीवर कॉमेंट टाकू का? आणि मराठीत की इंग्रजीत?

रात्रपाळी · १२ जुलै, संध्याकाळी ६.१५

प्रत्येक ओळीवर नको. हा माझा रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"येथे आर्द्रता वाचली", "येथे रिले चालू केला" असल्या कॉमेंटांनी काही होत नाही. ते कोड वाचूनच कळतं. मावसभावाने अशा शंभर कॉमेंट टाकल्या असत्या तरी तुम्ही आज इथेच असता. कोडमधून जे कधीच कळणार नाही ते लिहा. ७.५ का, हे कोडमधून कळत नाही. २७ च का आणि १२ का नको, हेही नाही. उद्या कुणी शहाणा मोकळी पिन बघून परत १२ वर काहीतरी जोडेल. मी असं लिहिलं असतं:

// चार नंबर जीपीआयओ २७ वर. १२ वर लावू नका:
// मॉड्यूलच्या पुलअपमुळे लाईट आल्यावर बोर्ड उठत नाही.
// जुलैमध्ये १२ वरून हलवला.

// दुरुस्तीचा आकडा प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र. सध्या चारही शून्य.
// मिठाच्या बरणीत १२ जुलैला (७५.३ अपेक्षित):
// स१: ७६.१, स३: ७४.२, स४: ७७.०. स२ बाद (८८.६).
// सेन्सर बदलला की त्याचा आकडा शून्य करा आणि प्रयोग पुन्हा करा.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ७.५ लिहिताना मावसभाऊ चुकला नव्हता. तो आकडा एका विशिष्ट सेन्सरचा होता आणि तो सेन्सर कोणता, हे कुठेच नव्हतं. म्हणून प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर मार्करने नाव लिहा, नुसतं "१" नको, "१-ब", कारण "१-अ" कचऱ्यात गेलाय.

दुसरं, ती २०१ वी ओळ. जुना आकडा पुन्हा दाखवणं एखाद-दुसऱ्या वेळेला ठीक. लागोपाठ दहा वाचनं फसली की पडद्यावर "स३ बोलत नाही" असं येऊ दे आणि सरासरीतून त्याला वगळा. आणि बोर्ड चालू होताना फाईलचं नाव आणि कम्पाइल झाल्याची (कोडचं बोर्डाच्या भाषेत रूपांतर झाल्याची) तारीख सिरियल मॉनिटरवर (यूएसबीने जोडलेल्या कॉम्प्युटरवर बोर्डाचे निरोप दिसतात ती खिडकी) छापा, ते दोन्ही कम्पायलर आयतं देतो. पेनड्राईव्हवरचा कोड आणि बोर्डावरचा कोड एकच आहे का, हा प्रश्न आज ना उद्या येतोच.

भाषेचं विचाराल तर मी ऑफिसात इंग्रजीत लिहिते, कारण वाचणारे दहा देशांचे असतात. तुमचा कोड कोण वाचणार?

सोल्डरगन · १२ जुलै, संध्याकाळी ६.५०

इंग्रजीतच लिहा. उद्या परदेशी फोरमवर विचारायची वेळ आली तर?

प्रयोगवही · १२ जुलै, संध्याकाळी ७.३०

परदेशी फोरमवर विचारायची वेळ आली तर त्या दिवशी भाषांतर करता येईल. रात्री अकराला पंखा बंद पडला तर डब्यासमोर टॉर्च घेऊन आप्पा उभे असणार आहेत. कॉमेंट मराठीत. व्हेरिएबलची नावं इंग्रजी राहू देत, त्याने कुणाचं अडत नाही.

शिवाय कोडमधलं लिहिलेलं आप्पांना दिसणारच नाही. एक कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा: कुठला सेन्सर कुठे, कुठल्या रंगाची वायर कशाची, कोणता आकडा दिसला तर काय करायचं. शाईने नको, ओल धरते. पेन्सिलने लिहा आणि वर पारदर्शक टेप.

भर_उन्हात · १३ जुलै, सकाळी ७.१०

कांदा साठवणुकीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून एक खोडा घालतो. सेन्सर बरोबर झाले, पण पंख्याचा नियम बरोबर आहे का? चाळीत आर्द्रता ६५ ते ७० आणि तापमान २५ ते ३० हवं, हे ठीक. पण पंखा बाहेरचीच हवा आत आणतो. बाहेर पाऊस असताना तो काय आणतोय, ते कोण बघतंय?

आणि ते बाहेरच्या टक्क्यांवरूनही ठरत नाही. आत ३० अंश आणि ७२ टक्के असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम बाष्प असतं. बाहेर रात्री २४ अंश आणि ८८ टक्के असेल तर साधारण १९. टक्के जास्त असूनही बाहेरची हवा कोरडी, तेव्हा पंखा चालू हवा. पण दुपारी पाऊस पडून गेल्यावर बाहेर २८ अंश आणि ९० टक्के झाले तर तिकडे २४-२५ ग्रॅम, म्हणजे पंखा तुमच्या कांद्यावर वाफ सोडतोय. त्या वेळी बंद हवा.

एक सेन्सर बाहेर लावा, वळचणीला, पाऊस आणि ऊन दोन्ही लागणार नाही असा. टक्क्यांची नाही, ग्रॅमची तुलना करा.

कांदाचाळ · १३ जुलै, सकाळी ७.४४

म्हणजे आठ दिवस पंखा चोवीस तास चालत होता त्यातले निम्मे तास तो उलटं काम करत होता?

भर_उन्हात · १३ जुलै, सकाळी ७.५०

निम्मे की किती, ते बाहेर सेन्सर नव्हता म्हणून सांगता येत नाही. पण काही तास नक्की. काळी बुरशी लागलेले कांदे आजच निवडून बाजूला काढा, त्याला कुठलाही कोड लागत नाही.

रात्रपाळी · १३ जुलै, सकाळी ८.२०

ग्रॅमचं सूत्र कोडमध्ये टाकाल तेव्हा ते कुठून घेतलं हे वर लिहा. आणि एक उदाहरण सोडवून ठेवा: "३० अंश, ७२ टक्के दिले तर २१.९ च्या आसपास यायला हवं." पुढचा माणूस सूत्र न समजताही ते मोडलंय का, एवढं तपासू शकेल.

कांदाचाळ · १९ जुलै, रात्री ९.५५

आठवडाभर कांदा निवडण्यात गेला. सात गोण्या बाद झाल्या. बाकी माल ठीक आहे.

नवा दोन नंबर बरणीत ७५.९ आला, लावला, पाठीवर "२-ब" लिहिलं. पाचवा सेन्सर बाहेर वळचणीला. ग्रॅमचा नियम टाकला. काल दुपारी तीन ते सहा पंखा स्वतःहून बंद राहिला, रात्री नऊला लागला. परवा तीन नंबरची वायर मुद्दाम उपटली, पडद्यावर "स३ बोलत नाही" आलं.

३१२ ओळींच्या ३९० झाल्या, वाढलेल्या बऱ्याचशा मराठीत आहेत. मावसभावाला पाठवल्या. त्याचं उत्तर: "मार्क मला मिळाले होते ना?"

झाकणाच्या आत कागद लावलाय. आप्पांनी तो चष्मा लावून वाचला, दोन शब्द खोडून स्वतःचे घातले. 'आर्द्रता' खोडून 'दमटपणा' केलंय, आणि 'रिले' पुढे 'टकटक आवाज येतो तो' असं लिहिलंय. पत्र्यावरचं खडूचं मी पुसायला गेलो तर पुसू दिलं नाही. खाली एक ओळ वाढवलीय: "१२ जुलैपासून गरज नाही. तरी राहू द्यावे."

सोल्डरगन · १९ जुलै, रात्री १०.०३

४.७ चा रेझिस्टर लावला का तीन नंबरला?

कांदाचाळ · १९ जुलै, रात्री १०.०४

उद्या.